पुलाचा न मोजता येणारा फायदा कसा जोखायचा

गोव्यातल्या एखाद्या गावात पूल, बगलरस्ता किंवा रेल्वेचा दुसरा रूळ यायचा झाला की ग्रामसभेत दोन तऱ्हांचं बोलणं होतं. एक छापील असतं: दिवसाला इतकी वाहनं, माणशी इतकी मिनिटं वाचणार, खर्च इतके कोटी. दुसरं लोक उठून बोलतात. रात्री छातीत कळ आली तर फेरीबोट कुठून आणायची? मुलींना संध्याकाळचे क्लास लावता येत नाहीत त्याचं काय? पूल झाला की बेटावरची भाटं (बागायती जमिनी) बाहेरचे लोक घेणार, मग? आणि गावच्या राखणदार देवाची जागा रस्त्यात येते, ती? पहिलं सगळं अहवालात राहतं. दुसऱ्याची इतिवृत्तात 'ग्रामस्थांनी भावना व्यक्त केल्या' अशी एक ओळ होते.

त्या एका ओळीत दडपलेलं कागदावर कसं आणायचं, त्याची ही रीत. पंचसदस्य, पत्रकार, विद्यार्थी किंवा डीपीआर (प्रकल्पाचा तपशीलवार अहवाल) हातात घेऊन बसलेला कोणीही ती वापरू शकतो. गुणाकार-भागाकार येत असला की पुरे. जे मोजता येत नाही त्याला घाईने रुपयांची चिठ्ठी चिकटवू नये आणि मोजता येत नाही म्हणून सोडूनही देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. प्रश्न उलटा विचारायचा. तो कसा, ते पाचव्या पायरीवर येईल; पण आधीच्या चार गाळल्या तर पाचवीचा आकडा नुसता शोभेचा ठरतो.

पायरी १: प्रकल्पाचं नाव न घेता गरज लिहा

'आम्हाला पूल हवा' ही गरज नव्हे, तो उपाय झाला. गरज अशी लिहा: 'बेटावरच्या आजारी माणसाला रात्री कितीही वाजता, अर्ध्या तासात बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) पोहोचता आलं पाहिजे.' या वाक्यात पूल नाही, फेरीबोट नाही, रुग्णवाहिकाही नाही. म्हणूनच पुढे पुलाची तुलना दुसऱ्या उपायांशी करता येते. उपायापासून सुरुवात केली की बाकीचा अहवाल त्याची वकिली करण्यात संपतो.

गरज नीट तपासली तर काय होतं, याचा दाखला मोले अभयारण्याच्या जंगलात आहे. तिनईघाट-कॅसलरॉक-कुळे हा लोहमार्ग दुहेरी करायला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाने परवानगी दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय अधिकार समितीने जंगलाच्या हानीबरोबर एक साधा तांत्रिक प्रश्न विचारला: दुसऱ्या रुळाने क्षमता वाढणार किती? घाटात १:३७ असा तीव्र चढ आहे. त्या चढावर दुसरा रूळ टाकून क्षमतेत किरकोळच भर पडेल, असं समितीचं मत पडलं. मे २०२२ मध्ये न्यायालयाने ती परवानगी रद्द केली. इथे जंगलाची रुपयांत किंमत काढत बसायची वेळच आली नाही, कारण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात फारसं काही नव्हतं. न मोजता येणाऱ्या गोष्टींवर डोकं लढवण्याआधी मोजता येणाऱ्या फायद्याचा कस लावा. बरेचदा वाद तिथेच निकालात निघतो.

पायरी २: फायदा कोणाला, हे माणसानिशी लिहा

'पर्यटनाला चालना', 'सर्वांगीण विकास', 'संपर्क सुधारणा' असले शब्द अहवालात आले की त्यांच्यापुढे 'कोणाच्या?' एवढंच लिहा. मग एक तक्ता करा. त्याच्या ओळींत माणसं येतील: पहाटे टोपली घेऊन फेरीधक्क्यावर उभी राहणारी मासळीवाली, रात्रपाळी करून परतणारी परिचारिका, शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात भाजी नेणारा, कॉलेजला जाणारी पोरं, पायलट (मोटारसायकल टॅक्सीवाला), भाटकार (जमीनमालक), मुंडकार (भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारा), आणि हो, विमानतळावरून थेट किनाऱ्याकडे जाणारा पर्यटकही. प्रत्येकासमोर लिहा की त्याच्या दिवसातलं नेमकं काय बदलणार आणि किती वाजता.

हा तक्ता भरताना गमतीच्या गोष्टी उघड्या पडतात. पणजीत मांडवीवरचा अटल सेतू जानेवारी २०१९ मध्ये खुला झाला, पण त्यावर दुचाकीला परवानगी नाही. ज्या राज्यात घरटी स्कूटर आहे तिथे त्या पुलावर वाचलेली मिनिटं थेट मोटारवाल्यांची. दुचाकीवाल्याला खालचे पूल थोडे मोकळे मिळाले, तो त्याचा अप्रत्यक्ष वाटा. दोन्ही फायदे खरे, पण एका ओळीत बेरीज करून टाकले तर कोणाला काय मिळालं ते कळत नाही.

वेळेच्या किमतीतही तेच. अशा हिशेबांत सहसा मोटारीतल्या माणसाचा तास बसमधल्या माणसाच्या तासापेक्षा महाग धरतात, कारण त्याची कमाई जास्त. त्यामुळे मोटारींचा रस्ता कागदावर आपोआप 'फायदेशीर' दिसतो आणि कदंब बसच्या फेऱ्या वाढवणं 'तोट्याचं'. यावर सोपा उपाय आहे: तोच हिशेब सर्वांच्या तासाला एकच दर धरून पुन्हा करा आणि दोन्ही उत्तरं शेजारी ठेवा. दर बदलताच प्रकल्पांचा क्रम बदलत असेल, तर तो निर्णय गणिताचा राहिला नाही, राजकीय झाला. तसं स्पष्ट लिहा.

जमिनीच्या भावाचं प्रकरण तर खास आपल्याकडचं. सल्लागार 'जमिनीच्या किमती वाढतील' हे फायद्यांत लिहितो. दिवाडी किंवा चोडण बेटावरच्या माणसाला विचारा. तो तीच गोष्ट पुलाविरुद्धचं पहिलं कारण म्हणून सांगेल. ज्याला विकायचंय त्याला फायदा. ज्याला तिथेच राहायचंय, ज्याच्या मुलाला गावातच घर बांधायचंय, किंवा जो मुंडकार आहे, त्याला तोटा. शिवाय भाव वाढतो तो मुळात प्रवासाचा वेळ वाचतो म्हणून. वाचलेला वेळ एकदा मोजला आणि वाढलेला भाव पुन्हा मोजला, तर तोच रुपया दोनदा मोजला. दोहोंपैकी एक खोडा.

पायरी ३: 'अमोजणीय' म्हणून ठेवलेल्यातलं निम्मं मोजून टाका

अवघड म्हणून बाजूला ठेवलेल्या कितीतरी गोष्टी वही आणि घड्याळ घेऊन मोजता येतात. डीपीआरमध्ये त्या नसतात, कारण कोणी मागितलेल्याच नसतात.

सगळ्यात मोठी म्हणजे वेळेची खात्री. जुन्या झुआरी पुलाच्या दिवसांत दाबोळीला विमान पकडायचं तर माणूस हाताशी भरपूर वेळ ठेवून निघायचा. अवजड वाहनं बोरीमार्गे वळवलेली, पुलावर एखादी गाडी बंद पडली की दोन्हीकडे रांग. रोज कोंडी होत नसेलही, पण कधी होईल ते सांगता येत नसे, म्हणून रोजच लवकर निघावं लागे. नव्या पुलाचा पहिला भाग डिसेंबर २०२२ मध्ये आणि दुसरा डिसेंबर २०२३ मध्ये खुला झाला. त्याने सरासरी मिनिटं वाचवलीच, पण हाताशी ठेवावा लागणारा तो जादा वेळही वाचवला. सरासरीच्या हिशेबात हे दुसरं कुठेच दिसत नाही.

मोजायची पद्धत अशी. कामाच्या २० दिवसांत एकाच प्रवासाचा वेळ रोज लिहा, एकाच वेळी निघून. मग हे २० आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावा. मधला आकडा म्हणजे नेहमीचा वेळ. शेवटून दुसरा म्हणजे वाईट दिवसाचा वेळ. समजा मधला २५ मिनिटं आहे आणि शेवटून दुसरा ४५. बायोमेट्रिक हजेरी असलेला कर्मचारी २५ मिनिटं धरून निघूच शकत नाही. तो ४५ धरून निघतो. आता सुधारणेनंतर मधला २० झाला आणि वाईट दिवसाचा २५. अहवाल म्हणेल ५ मिनिटं वाचली. त्या माणसाची मात्र रोज सकाळी २० वाचली. चतुर्थीच्या आधीचा आठवडा मात्र वेगळा काढा, नाहीतर तो सगळ्या नोंदी बिघडवतो.

दुसरी मोजता येणारी गोष्ट म्हणजे गाव दुभंगणं. पर्वरीत महामार्गाच्या एका बाजूला घर आणि दुसऱ्या बाजूला दुकान, शाळा किंवा देऊळ असलेल्या माणसाला विचारा. रस्ता ओलांडायच्या जागी एक तास उभं राहून पाहा: म्हाताऱ्या माणसाला किती थांबावं लागतं, पादचाऱ्यांसाठीच्या जागेपर्यंत किती मीटरचा वळसा पडतो, किती जण मध्येच धावतात. इथे एक फसगत होते. जो ओलांडायलाच येत नाही तो तुमच्या मोजणीत येत नाही. आजीने समोरच्या वाड्यावरच्या (वस्तीतल्या) बहिणीकडे जाणं सोडलं, ही घटना वाहतूक सर्वेक्षणाला अदृश्य असते. म्हणून रस्त्यावर उभं राहून झालं की घरांत जा आणि विचारा, 'रस्ता रुंद झाल्यापासून कुठे जायचं बंद केलंत?' दहा-पंधरा घरांतून आलेली उत्तरं कोणत्याही गुणांकापेक्षा जास्त सांगतात.

तिसरी, पाण्याची वाट. खाजनातून (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतांतून) भराव घालून रस्ता गेला की मोऱ्या किती ठेवल्या, मानशीपर्यंत (बांधातल्या पाण्याच्या दारापर्यंत) पाणी पोहोचतं का, भरतीचं खारं पाणी कुठे तुंबेल, हे सगळं शेतकऱ्यांना तोंडपाठ असतं. त्यांच्याबरोबर एकदा बांधावरून चाला आणि नकाशावर खुणा करा. याला 'पर्यावरणीय परिणाम' असं भारदस्त नाव देऊन बाजूला ठेवायची गरज नाही. किती हेक्टर शेती, किती घरं, कोणत्या महिन्यांत, एवढं सरळ लिहा.

आराम, गर्दी, बायकांना रात्री थांब्यावर वाटणारी भीती, हेही असंच विचारून नोंदता येतं. लोकांना काय खटकतं ते लोक सांगतात. फक्त 'समाधानी आहात का, एक ते पाच' असं विचारू नका.

पायरी ४: किंमत कशाला लावायची, कशाला नाही

१९६८ साली लंडनच्या तिसऱ्या विमानतळाची जागा ठरवायला ब्रिटनमध्ये रॉस्किल आयोग नेमला गेला. सगळं रुपये-पैशांत, म्हणजे त्यांच्या पौंडांत, मोजायचा तो मोठा प्रयत्न होता. त्यात स्टुकली गावचं नॉर्मन काळातलं चर्च आलं. त्याची किंमत काय धरायची? आगीच्या विम्याची रक्कम धरली गेली. यावर जी टीका झाली ती आजही वाहतूक अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवतात. आयोगातले नगररचनाकार कॉलिन ब्यूकॅनन यांनी बहुमताशी असहमती नोंदवली, सरकारने आयोगाची शिफारस बाजूला ठेवून समुद्रकाठची फाउलनेसची जागा निवडली, आणि १९७४ मध्ये तोही बेत सोडला.

विमा कंपनी चर्च पुन्हा बांधायला किती लागेल ते सांगते. ते बांधून नऊशे वर्षांचं होत नाही, हा तिचा विषय नव्हे. पर्वरीच्या उन्नत मार्गासाठी २०२५ मध्ये खाप्रेश्वराचं स्थान आणि तिथला जुना वड हलवला, तेव्हा लोकांचं दुःख भरपाईच्या आकड्यावरून नव्हतं. अशा गोष्टी बेरजेत घालू नका. त्यांना अट म्हणून लिहा: 'हे स्थान जागच्या जागी राहील असाच मार्ग हवा.' मग अभियंत्याला विचारा की ही अट पाळायला जादा खर्च किती. तो आकडा खरा असतो, कारण तो काँक्रीट आणि लोखंडाचा असतो. आता प्रश्न 'देवाची किंमत किती' असा राहत नाही; 'हा वळसा घ्यायला इतके कोटी लागतील, ते द्यायचे की नाही' असा होतो. त्यावर ग्रामसभेला मत देता येतं.

बाकीच्या गोष्टींची किंमत लोकांच्या वागण्यातून काढता आली तर बघा. घाईत असलेला माणूस बस सोडून पायलटच्या मागे बसतो, तेव्हा भाड्यातला फरक आणि वाचलेली मिनिटं मिळून त्याच्या वेळेचा भाव तो स्वतःच सांगतो. पादचाऱ्यांना फेरीबोट फुकट असल्यामुळे तिथे मात्र ही युक्ती चालत नाही, मग तोंडी विचारावं लागतं. तोंडी विचारताना सांभाळून. 'पूल झाला तर महिना किती द्याल?' आणि 'बोट बंद झाली तर किती भरपाई घ्याल?' यांची उत्तरं कधीच जुळत नाहीत. दुसरं बरंच मोठं येतं. असलेलं जाणार असेल तर भरपाईचा प्रश्न विचारणं रास्त. शिवाय खिसा रिकामा असलेल्याचा 'शून्य' म्हणजे त्याला गरज नाही असं नव्हे.

पायरी ५: प्रश्न उलटा करा

आता मुख्य काम. उदाहरणातले सगळे आकडे मी रीत दाखवायला घेतले आहेत. कोणत्याही खऱ्या पुलाचे नाहीत.

समजा १,२०० घरांच्या बेटाला १०० कोटींचा पूल. देखभाल वर्षाला १ कोटी. फेरीसेवेचा वाचणारा खर्च वर्षाला ३ कोटी. दिवसाला ४,००० जणांचे १५-१५ मिनिटं वाचले, म्हणजे रोज १,००० तास; तासाला १०० रुपये धरले तर वर्षाचे ३ कोटी ६५ लाख. निव्वळ फायदा वर्षाला ५ कोटी ६५ लाख. पुढे मिळणारा रुपया आजच्या रुपयापेक्षा कमी मोलाचा धरतात, आणि तो दर वर्षी किती घटवायचा त्याचा दर ठरवावा लागतो; आपल्याकडे रस्त्यांसाठी १२ टक्के हा दर वर्षानुवर्षं वापरात आहे (२०१७ च्या मेट्रो धोरणाने तर १४ टक्के मागितले). १२ टक्क्यांनी ३० वर्षांचा फायदा आजच्या पैशांत आणायला ८.०६ ने गुणा (३० वर्षं दर वर्षी मिळणारा एक-एक रुपया असा घटवून बेरीज केली की एवढी येते). आले सुमारे ४५ कोटी ५० लाख. खर्च १०० कोटी. तूट ५४ कोटी ५० लाख.

साधा अहवाल इथे दोहोंपैकी एक करतो: प्रकल्प नापास करतो, किंवा 'सामाजिक फायदे' असा गोल आकडा घालून पास करून घेतो. तुम्ही तूट वर्षावर पसरा: ५४.५० भागिले ८.०६, म्हणजे वर्षाला सुमारे ६ कोटी ७६ लाख. दर घरामागे महिन्याला साधारण ४,७०० रुपये. आता लोकांना आणि सरकारला विचारा: रात्रीची सोय, मुलींचे क्लास, वादळात तुटलेपण न येणं, या सगळ्यांचं मोल प्रत्येक घराला महिन्याला ४,७०० रुपयांइतकं आहे का? किंमत कोणी ठरवलेली नाही, पण किती असावी लागेल ते समोर आलं. 'हो' म्हणणाऱ्याने आता ते सही करून म्हणायचं.

लगेच दुसरा प्रश्न: यातलं काय स्वस्तात मिळेल? रात्रभर एक जादा बोट आणि तिच्यावर खलाशी ठेवायला समजा वर्षाला दीड कोटी लागतात. मग रात्रीच्या सोयीसाठी पुलाच्या खात्यावर दीड कोटींपेक्षा जास्त लिहिता येणार नाही, कारण तेवढ्यात ती पुलाशिवायही मिळते. उरलेले ५ कोटी २६ लाख, म्हणजे घरामागे महिन्याला सुमारे ३,६५० रुपये, इतर फायद्यांनी भरून काढायचे. पर्याय नुसते कागदावरचे नसतात. रायबंदर-चोडण मार्गावर २०२५ मध्ये रो-रो फेरी (वाहनं चढवून नेणारी नव्या धाटणीची बोट) आली तेव्हा जुन्या फेरीबोटींवर केलेले वेळेचे हिशेब शिळे झाले.

तिसरं, दर बदलून पाहा. १२ ऐवजी ६ टक्के धरले तर गुणक १३.७६ होतो आणि तीच तूट घरामागे महिन्याला सुमारे १,१०० रुपयांवर येते. एवढा फरक नुसत्या दराने पडतो. १२ टक्क्यांनी ३० वर्षांनंतरच्या एका रुपयाची आजची किंमत तीन पैशांच्या आसपास. पिढ्यान्‌पिढ्या टिकलेलं खाजन या हिशेबात कधीच जिंकणार नाही. म्हणून दूरचे फायदे-तोटे नेहमी दोन दरांनी दाखवा.

आणि एक फायदा असा आहे जो या उदाहरणात बसतच नाही: जादा वाटेचा. ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा पणजी आणि पर्वरीमधला सगळा भार फेरीबोटींवर आला, आणि नवा पूल खुला व्हायला १९९२ उजाडलं. त्यावेळी फेरीबोटी, खलाशी, धक्के सगळं जागेवर होतं म्हणून निभावलं. म्हणजे 'पूल झाला की फेरी बंद, ३ कोटी वाचले' असं लिहिताना ती जादा वाट आपण विकतोय, हेही लिहायला हवं.

पायरी ६: दोन्ही बाजूंना एकच गाळणी

पुलाच्या बाजूने असाल तर पर्यटनाचे रोजगार सढळ हाताने लिहाल आणि दुभंगलेला वाडा 'किरकोळ' म्हणाल. विरोधात असाल तर उलट. आपला तक्ता विरुद्ध मताच्या माणसाच्या हातात द्या आणि त्याला फक्त एवढंच तपासायला सांगा: फायद्याला जो पुरावा चालला तोच तोट्याला चालला का? दुसऱ्या गावातून इथे सरकलेलं गिऱ्हाईक 'नवा रोजगार' म्हणून लिहिलं असेल तर ते तिथे खोडलं जाईल.

पायरी ७: कागद मिळवा, एक पान लिहा

डीपीआर माहितीच्या अधिकारात मागा. अर्जाला १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. मागताना 'आर्थिक विश्लेषणाचं प्रकरण, वाहतूक मोजणीच्या तारखा आणि वेळेचे धरलेले दर' असं नेमकं लिहा, नाहीतर नुसता सारांश हाती पडतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आहे, पण राष्ट्रीय महामार्ग कायद्याखालच्या संपादनाला तो लागू होत नाही. तिथे हे काम गावालाच करावं लागतं. पर्यावरणविषयक जनसुनावणी होणार असेल तर तिची सूचना किमान ३० दिवस आधी निघते. २० दिवसांच्या नोंदी तेवढ्यात कशाबशा बसतात.

पानावर वर गरज, मग माणसांचा तक्ता, मग पाळायच्या अटी आणि त्यांचा जादा खर्च, मग घरामागचा तो आकडा दोन दरांनी. शेवटी, प्रकल्प झाल्यावर काय मोजायचं आणि वही कोणाकडे राहील ते लिहा. प्रवासाच्या त्याच २० दिवसांच्या नोंदी एका वर्षाने आणि मग तीन वर्षांनी पुन्हा घ्यायच्या. तुलनेला पहिली नोंद काम सुरू व्हायच्या आधीची लागते, आणि ती दोनदा घ्या, एकदा मार्चमध्ये, एकदा जुलैत. पावसात फेरीला लागणारा वेळ उन्हाळ्यासारखा नसतो.